कोणाचाच नसलेला धूर

३ मार्च १९८५, रविवार. येरमगुडा

माझं सगळं बदललं ते आज दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी. वेळ नक्की सांगतो, कारण वायरलेसच्या वहीत वेळ टाकणं हेच माझं इथलं रोजंदारीचं काम. त्या मिनिटाला मी रेंज ऑफिसच्या टेबलावर तीन चिठ्ठ्या एकमेकींशेजारी ठेवल्या आणि मला दिसलं.

पहिली देवरावभाऊची. उत्तरेच्या मचाणावरून त्यानं सकाळी नऊला वायरलेसवर धूर कळवला होता. ती माझ्या वहीत. दुसरी मुखरूभाऊची. तो आलापल्ली-मुलचेरा गाडीवर कंडक्टर. रस्त्यावरून धूर दिसला की तिकिटाच्या पाठीवर लिहून आमच्या नाक्यावर टाकतो. ती लहानूच्या खिशात, म्हणजे आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या. तिसरी बीटगार्डाची, सात किलोमीटर सायकल हाणून आणलेली. ती बाबूच्या ट्रेमध्ये पेपरवेटखाली. तिघांनी एकच आग तीन बाजूंनी पाहिली होती. तिन्ही कागद एका छपराखाली होते, एका टेबलावर मात्र नव्हते. प्रत्येकाला थोडं थोडं माहीत होतं आणि ऑफिसला काहीच माहीत नव्हतं. म्हणून ट्रक गेला भलतीकडेच, जिथला माणूस मोठ्यानं ओरडला तिथं, आणि तीस मजूर कालच विझलेल्या राखेपुढं उतरले. इकडं चाळीस एकर बांबू गेला.

मी तसाच उठून रेंजर वासेकर साहेबांच्या खोलीत शिरलो. आवाज चढला. माझा चढतोच. "साहेब, तुमच्या ऑफिसले डोळे हायेत, डोकं नाई," असं म्हणून बसलो.

साहेब चहा पीत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "नागपूरचं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून आलेला पोरगा मले डोकं शिकवून राह्यला. ठीक हाय. सागाच्या बियांची ती खोली रिकामी हाय, घे. पंधरा एप्रिलपर्यंत डोकं बनवून दाखव. नाई जमलं तं वायरलेस जाईन आलापल्लीले, अन् तू सावलीले, बापाच्या धानात."

सावलीला, म्हणजे माझ्या गावी, बापाच्या धानात मी असा हात हलवत परत जाणार नाही. मेलो तरी नाही.

सत्यशीला आज उपकेंद्राच्या ओसरीवर काचपट्ट्या पुसत बसली होती. मी तीनदा हातपंपावर गेलो. तिनं एकदाही वर पाहिलं नाही. तीनदा गेल्यावर म्हणाली, "तब्येत बरी हाय ना? येवढं पानी पिऊन राह्यले म्हनून इचारलं." नर्स आहे, तिला सगळ्यांचीच तब्येत विचारावी लागते.

५ मार्च, मंगळवार

खोलीला सागाच्या बियांचा वास आहे, जाता जात नाही. भिंतीला प्लायवूडचा तख्ता ठोकला, त्यावर रेंजचा नकाशा, नंबर घातलेल्या तुकड्यांचा, म्हणजे कंपार्टमेंटांचा. दोन्ही मचाणांच्या जागी दोन खिळे, प्रत्येक खिळ्याला एक दोरा. डेपोतल्या सुताराकडून दोन लाकडी चकत्या कापून घेतल्या. कडेला छत्तीस खाचा, मधे फिरणारी पट्टी. मचाणावरच्या माणसानं पट्टी धुराकडे धरायची आणि वायरलेसवर फक्त खाच सांगायची. मी त्या खाचेवर दोरा ताणणार. दोन दोरे जिथं एकमेकांना छेदतील तिथं आग. सोपं आहे. इतकं सोपं की कोणी केलं कसं नाही याचाच राग येतो.

देवरावभाऊ पट्टी लगेच शिकला. दक्षिणेच्या मचाणावर वारलू आहे, खालच्याच पाड्यावरचा, माडिया. त्यानं चकती हातात घेतली, उलटी करून पाहिली, आणि मांडीवर ठेवली. जमेल का नाही, देव जाणे.

लहानू दारातून डोकावून गेला. "काय आधे इंजिनेर? भिंतीले टाके घालून राह्यले काय?"

११ मार्च, सोमवार

आजपासून प्रत्येक खबऱ्याला गुण. दहापैकी. ज्यानं सांगितलेलं खरं निघेल त्याचा गुण वर, खोटं निघेल त्याचा खाली. दोन खबरा एकमेकींशी भांडल्या की ज्याचा गुण मोठा त्याचं ऐकायचं. माणसाचा आवाज, हुद्दा, सरपंचकी, काही मोजायचं नाही. साहेबांनाही गुण दिलाय, पण तो कागद मी कपाटात ठेवलाय.

देवरावभाऊ: आठ. दिसेल तो धूर सांगतो, कधी चुकवत नाही.
मुखरूभाऊ: सहा. गाडीच्या वेळेलाच दिसतं, पण नीट लिहितो.
वारलू: तीन. देवरावला सात धूर दिसतात तेव्हा याला एक दिसतो. डोळे अधू असतील किंवा झोपत असेल. मोहफुलांचा हंगाम आहे, मोहाची पहिली धार उतरत असेल, दुसरं काय!

१९ मार्च, मंगळवार

जिंकलो! देवराव, खाच तेरा. वारलू, खाच पाच. दोरे छेदले कंपार्टमेंट बावन्नमध्ये. ट्रक गेला आणि आग दोनशे पावलांवर सापडली. पाऊण तासात विझवली. लहानू येऊन म्हणाला, "लागला तुक्का." मी म्हटलं, "तुक्का नाई, भूमिती." तो म्हणाला, "तिचं लगन झालं काय?"

संध्याकाळी सत्यशीला आली. तिला म्हणे आलापल्लीला बर्फाच्या पेटीबद्दल निरोप द्यायचा होता वायरलेसवर. निरोप चार शब्दांचा, पण ती अर्धा तास तख्त्याकडे पाहत होती. माझा दोरा सारखा तुटतो हे तिनं पाहिलं असावं. पिशवीतून टाक्यांच्या रेशमी दोऱ्याचं एक रीळ काढून टेबलावर ठेवलं. "मुदत संपली याची. फेकाचाच होता." मी नंतर रिळावरचा कागद वाचला, मुदत सत्त्याऐंशीची आहे. वाचण्यात चूक झाली असेल तिची. इतकी हुशार मुलगी, पण तारखा नीट बघत नाही.

तिला पत्र लिहिलं. फाडलं. दुसरं लिहिलं. त्यात 'ज्याअर्थी' हा शब्द तीनदा आला होता म्हणून तेही फाडलं.

२७ मार्च, बुधवार

हे लिहू नये असं वाटतं. पण लिहितो.

देवराव, खाच पंधरा. वारलू, खाच आठ. छेद कंपार्टमेंट सत्तेचाळीसमध्ये, अगदी स्वच्छ, सुईच्या टोकासारखा. मी साहेबांना छाती ठोकून सांगितलं, दहात नऊ. ट्रक गेला. सत्तेचाळीसमध्ये दोन वानरं बसली होती. आग नाही, राख नाही, धूर नाही. आणि खरी आग तिथून आठ किलोमीटरवर, पंचावन्नमध्ये, तासभर मोकळी जळत राहिली.

आता समजतं. देवराव एक धूर बघत होता आणि वारलू दुसराच. दोन वेगळ्या धुरांचे दोरे मी एकमेकांत गुंतवले आणि जिथं दोन्ही नव्हते तिथं एक भूत उभं केलं. तख्त्यावर ते भूत खऱ्या आगीपेक्षा सुंदर दिसत होतं.

लहानूनं सगळ्या मजुरांसमोर हात जोडले. "वानरांनं निरोप देल्ला, इंजिनेर साहेबाले सांगा, आमी मजेत हावो."

साहेब हसले नाहीत. तेच वाईट. म्हणाले, "एकोणीस दिवस राह्यले. मी वायरलेस न्यायचं पत्र टाइप करून ठेवतो."

मी येऊन सरळ वायरलेस उचलला आणि वारलूवर तुटून पडलो. तुला दिसतं काय, तू करतो काय, देवरावला दिसलेला धूर तुला का दिसला नाही. रेंजमधल्या प्रत्येक सेटवर ते ऐकू गेलं. दोन्ही मचाणं, नाका, सगळीकडे. वारलूच्या सेटवरून नुसती खरखर. त्याचा गुण तीनवरून एक केला.

मागं वळलो तर दारात सत्यशीला. चेहरा असा की मी पाणी मागितलं असतं तरी मिळालं नसतं. म्हणाली, "त्याले इचारलं का तुमी, काऊन सांगत नाई ते?"

मी म्हटलं, "दिसत नसन म्हनून."

"इचारलं का?"

"नाई."

ती गेली. कॉलेजात ड्रॉइंगच्या सरांनी पूर्ण वर्गासमोर माझं शीट फाडलं होतं, तेव्हा मी त्यांचा स्टूल खिडकीतून बाहेर फेकला आणि परत गेलो नाही. तेव्हासुद्धा इतकं वाईट वाटलं नव्हतं. ही सगळ्यांच्या बाजूनं आहे, माझी बाजू सोडून.

२८ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. जेवलो नाही.

३० मार्च, शनिवार

पहाटे सायकल काढली आणि दक्षिणेच्या मचाणावर गेलो. विचारायला नाही, पकडायला. झोपलेला सापडला असता तर साहेबांना नाव कळवणार होतो.

वारलू झोपलेला नव्हता. चकती मांडीवर, डोळे जंगलावर. मी वर चढलो तसा सरकून जागा दिली.  खाली चार ठिकाणी धूर होता. मी मोजले, चार. त्यानं वायरलेसला हात लावला नव्हता.

मी म्हटलं, "चार धूर हायेत भाऊ. काऊन नाई सांगत?"

त्यानं बोट दाखवलं. सावकाश, ओळख करून द्यावी तसं. "थो सुकरीचा. थो माह्या भावाच्या बायकोचा. थो मोठा, थो माह्या बुधरीचा. थो गायत्याच्या घरचा."

गायता म्हणजे पाड्याचा पुजारी, बाकी मला काही कळेना. मग त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, आणि मी तिथंच फळीवर बसलो.

पाड्यावर प्रत्येक मोहाचं झाड कोणत्या ना कोणत्या घराचं आहे. बापजाद्यांपासून. फुलं पहाटे पडतात. खाली पाचोळा असला तर दिसत नाहीत, म्हणून बाया आपापल्या झाडाखालचा पाचोळा जाळतात. रोज वेगळं झाड. वारलूला शंभरावर झाडं आणि त्यांची घरं पाठ आहेत. धूर निघाला की तो जागा बघतो, वेळ बघतो, आणि कोणाचा ते ओळखतो. त्यातला जो ओळखीचा नसेल तोच तो मला सांगत होता. तेवढाच. गेल्या महिनाभरात त्यानं मला नऊ धूर सांगितले. मी खिशातली वही काढून तिथंच ताडून पाहिले. नऊच्या नऊ आगी होत्या. एकही चुकलेला नाही.

आणि मी त्याला एक गुण दिलाय.

सत्तावीसला देवरावनं सांगितलेला धूर गायत्याच्या घरच्या झाडाचा होता. वारलूनं सांगितलेली खरी आग. मी दोघांना जुळवलं.

"मंग काऊन नाई सांगितलं, हे बायांचे धूर हायेत म्हनून?"

तो पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसला. "सांगतो तं साहेब केस करन. जंगलात आग लावली म्हनून."

तेवढ्यात पूर्वेला एक पातळ धूर उठला. केसासारखा. वारलू बराच वेळ बघत राहिला. मग पट्टी फिरवली आणि वायरलेस उचलला.

"हा कोनाचा?" मी विचारलं.

"कोनाचा नाई," तो म्हणाला.

उतरताना त्यानं सांगितलं की नर्सबाई आठवड्यातून दोनदा इथं येते, तापाचे रक्ताचे नमुने घ्यायला. "ताप तर कोनाले नाई," तो म्हणाला. "बसते. तुमचा बोर्ड कसा चालते ते मले समजावून सांगते. खाच कशी मोजाची ते तिनंच शिकवलं." फारच कर्तव्यदक्ष आहे ती. ताप नसतानाही नमुने घ्यायला इतकं चढून जायचं म्हणजे!

३१ मार्च, रविवार

सकाळी सातच्या पहिल्या वायरलेसला, सगळे सेट चालू असताना, बोललो. "वारलूभाऊ, मी सत्तावीस तारखेले तुमाले जे बोललो ते चूक होतं. माही चूक. सगळ्यांनं आयका." खरखर. मग वारलूचा आवाज: "आयकलं." आणि पाठोपाठ देवराव: "मीबी आयकलं. खाच सात, एक धूर." मी म्हटलं, कोणाचा? तो म्हणाला, "आता हे कोनतं नवीन?"

मग साहेबांकडं. तासभर. ओरडलो नाही. टेबलाखाली हाताच्या मुठी होत्या, पण त्या त्यांना दिसल्या नाहीत. मी म्हटलं, ओळखीचे धूर वजा केल्याशिवाय अनोळखी धूर सापडणार नाही. आणि बाया सांगणार नाहीत, जोवर माझ्या तख्त्यावरून केस होणार नाही असा शब्द मिळत नाही.

साहेब म्हणाले, "कायदा हाय."

"कायदा हाय म्हनूनच तुमाले काही दिसत नाई साहेब."

साहेब खुर्चीत मागं रेलले. मग म्हणाले, "झाडाभोवती आधी झाडून गोल मोकळा करा. आग विझेतोवर एक बाई तिथंच उभी राहीन. येवढं पाळलं तं पंधरा एप्रिलपर्यंत केस नाई. माहा शब्द." तो शब्द मी वहीत लिहिला आणि त्यांच्या सहीसाठी वही पुढं केली. त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं, आणि केली.

दुपारी पाड्यावर गेलो. बुधरी, वारलूची बायको, सूप पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बाकीच्या बायांकडं बघून म्हणाली, "हाच का थो चिडका? नर्सबाई सांगे थो?" सगळ्या हसल्या. मी विचारलं, काय सांगे? बुधरी म्हणाली, "सांगे, चिडते पन बेइमान नाई. त्याले सांगा म्हने, तो कोनाले फसवाचा नाई." म्हणजे सत्यशीलाच्या मते मी चिडका आहे. ते तर मला माहीतच होतं.

६ एप्रिल, शनिवार

तख्ता नवा आहे. पांढरी टाचणी म्हणजे ओळखीचा धूर, लाल म्हणजे कोणाचाच नाही तो. रोज संध्याकाळी बुधरी उद्याच्या झाडांची नावं वारलूला सांगते, तो मला सांगतो, मी आदल्या दिवशीच पांढऱ्या टाचण्या टोचून ठेवतो. प्रत्येक चिठ्ठीवर ती कधी मिळाली ते नाही, धूर कधी दिसला ते लिहायचं. दोन तास झाले की चिठ्ठी खालच्या ओळीत, चार तास झाले की काढून टाकायची. जुनी खबर नव्या खबरीच्या शेजारी बसली की खोटं बोलते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट: काही नसेल तर काही नाही असंही कळवायचं. मुखरूभाऊला सांगितलं तर गाडी उभी करून हसला. "काईच दिसलं नाई, त्याचीबी चिठ्ठी? उद्या म्हनशीन, पॅशिंजर नव्हते त्याचं तिकीट फाडा." पण देतो. दर फेरीला तिकिटाच्या पाठीवर: पुलिया ते नाका, काही नाही, वेळ.

सहा दिवसांत चार आगी. चारही पहिल्या तासात. भूत एकही नाही. साहेबांनी ते टाइप केलेलं पत्र मात्र फाडलेलं नाही, ट्रेमध्ये मी पाहिलं.

१३ एप्रिल, शनिवार

उद्या बाबासाहेबांची जयंती. विहारात सकाळी कार्यक्रम, सत्यशीला गाणार आहे. आज येऊन सांगून गेली, "दहा वाजता हाय. पुढच्या रांगेत जागा राहते." मी पांढरा शर्ट धुऊन दोरीवर टाकलाय. पुढची रांग सगळ्यांसाठीच असते, पण मी लवकर जाणार.

१४ एप्रिल, रविवार

 क्रमानं लिहितो.

सकाळी पंचशील म्हणून घरूनच वंदन केलं, पांढरा शर्ट घातला, म्हटलं नऊची खबर घेऊन निघू. साडेनऊपर्यंत तख्त्यावर आठ धूर. सहा पांढरे, बुधरीनं काल सांगितलेले. सातवा ईशान्येला, भलामोठा, काळा. आलापल्लीच्या वरच्या ऑफिसातून वायरलेस: मोठा धूर दिसतोय, ट्रक तिकडं पाठवा. देवरावही तेच ओरडत होता. आठवा वारलूचा. "खाच नऊ. पातळ. कोनाचा नाई."

विहारात ढोलकी सुरू झाली होती. इथवर ऐकू येत होती.

देवरावच्या मचाणावरून खाच नऊची बाजू दिसत नाही, मधे पहाड येतो. म्हणजे माझ्याकडं एकच दोरा. छेद नाही. आग त्या दोऱ्यावर कुठंही असेल, अर्ध्या किलोमीटरवर की दहा.

साहेब आले. "आलापल्लीवाले बोंबलून राह्यले. मोठ्याकडं जाऊ?"

मी म्हटलं, दहा मिनिटं द्या, आणि बाजारात पळालो. रविवारचा बाजार, पाड्यावरच्या बाया मोहफुलं घेऊन बसलेल्या. सुकरीचं झाड त्याच दोऱ्यावर आहे, नाल्याच्या काठाशी. "सुकरीबाई, झाडाखालून कधी निघाल्या?" ती म्हणाली, "मोटार गेली आवाज करत तवा." म्हणजे नऊची गाडी. "आजूबाजूला धूर?" "नाई बाप्पा. धूर असता तं फुलं टाकून आली असती?" नाल्याच्या अलीकडं काही नाही.

नाक्यावर मुखरूभाऊचं तिकीट पडलं होतं. साडेनऊ, पुलियाजवळ, रस्त्याकडेला काही नाही. खाली एक ओळ जास्त: ईशान्येला बंगाली कॅम्पच्या शेतात तणस जाळून राह्यले, माणसं उभी आहेत, घाबरू नका.

मोठा काळा धूर म्हणजे शेतातलं तणस, भाताचा पेंढा. आणि पातळ धूर नाल्याच्या पलीकडं, रस्त्याच्या अलीकडं. दोन 'काही नाही' मिळून जागा सांगत होत्या. कंपार्टमेंट त्रेसष्ट. त्याला लागून नाला, नाला पाचोळ्यानं गच्च, आणि नाल्याच्या अलीकडं वारलूचा पाडा. गवताची छपरं. माणसं बाजारात. बारानंतर वारा पाड्याकडं फिरतो.

मी साहेबांना तख्त्यापुढं उभं केलं. बोटानं दाखवत गेलो, एकेक टाचणी. आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, "किती?"

"दहात आठ."

"मागल्या वेळी नऊ सांगितलं होतं."

"तवा मले येत नव्हतं."

आलापल्लीचा वायरलेस पुन्हा ओरडला. साहेबांनी तो हातात घेतला. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "तो धूर शेतातला हाय, मानसं जवळ हायेत. माहा ट्रक त्रेसष्टले जाऊन राह्यला. जबाबदारी माही." आणि खिडकीतून लहानूला हाक मारली.

दहा वाजून वीस मिनिटांनी ट्रक गेला. पुढचे तीन तास मी बसलो नाही. वारलू दर दहा मिनिटांनी खाच सांगत होता. खाच नऊ. खाच नऊ, जाड झाला. साडेअकराला मी न राहवून म्हटलं, "वारलूभाऊ, खाली तुमचं घर हाय. तुमी जा." खरखर झाली. मग तो म्हणाला, "मी गेलो तं कोन सांगन?" आणि लगेच, "खाच साडेआठ. सरकून राह्यला." ते मी ट्रकबरोबरच्या सेटवर सांगितलं, मजुरांची तुकडी सरकली.

पावणेबाराला आगीपुढची जाळरेषा, म्हणजे पाचोळा काढलेला मोकळा पट्टा, कापून झाली. बारा दहाला वारा फिरला. साहेबांनी नंतर सांगितलं, वीस मिनिटं उशीर झाला असता तर नाला पेटला असता. आग जाळरेषेपर्यंत आली, कातडं भाजेल इतकी आली, आणि थांबली. हिरव्या डहाळ्यांनी बाकीची झोडपली. एक छप्पर गेलं नाही. एक कोंबडी गेली नाही.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी वारलू: "खाच नऊ. धूर नाई." मग थोड्या वेळानं, कोणी विचारलं नसताना: "पाडा दिसते."

मी वही टेबलावर आपटली आणि ओरडलो. आख्खं ऑफिस धावत आलं, त्यांना वाटलं साप निघाला.

लहानू तीनला परत आला, कोळशासारखा. काही टोमणा मारेल म्हणून मी तयारच होतो. त्यानं ट्रक फिरवून तोंड माझ्या खिडकीकडं करून उभा केला, इंजिन चालू ठेवलं, आणि विचारलं, "आता कुठी?"

याहून मोठी पदवी मला कोणी देणार नाही.

चारला सत्यशीला आली, पांढऱ्या पातळात, बुंदीचं ताट घेऊन. कार्यक्रम मी चुकवला त्याबद्दल मी माफी मागितली. ती म्हणाली, "जागा रिकामीच ठेवली होती. कोनाले बसू देल्लं नाई." मी म्हटलं, उगाच ठेवलीत, कोणीतरी म्हातारं माणूस बसलं असतं. मग मी तिला खाच नऊचा दोरा, दोन 'काही नाही', सगळं समजावून सांगितलं, पाऊण तास. ती शेवटी म्हणाली, "येवढ्या दुरून पातळ धूर दिसते तुमाले. नाकासमोरचा नाई दिसत." मी दचकून खिडकीतून पाहिलं. कुठंच धूर नव्हता. ती हसत सुटली आणि गेली. उन्हात उभी राहून गायली, शीण आला असेल.

१५ एप्रिल, सोमवार

साहेब सकाळी स्वतः खोलीत आले. हातात ते टाइप केलेलं पत्र. माझ्यासमोर चार तुकडे केले. "वायरलेस इथीच राहीन. खोलीबी. आलापल्लीहून फोन होता, मे महिन्यात आजूबाजूच्या दोन रेंजची मानसं शिकाले येऊन राह्यली. शिकवशीन?"

मी म्हटलं, शिकवीन, पण तीन गोष्टी. बायांना दिलेला शब्द पंधरा एप्रिलला संपणार नाही. वारलूभाऊ मचाणावरून खाली या खोलीत बसणार, माझ्या बरोबरीनं, माझ्याइतक्याच रोजीवर. आणि गुणांचा कागद जाळणार. आता चिठ्ठीवर फक्त कोणी पाहिलं, कधी पाहिलं, आणि त्याला काय माहीत आहे एवढंच.

साहेब म्हणाले, "कागद इथी जाळू नको. देवरावभाऊ धूर कळवन." तिन्ही मान्य.

आता साडेचार वाजलेत. वर मचाणावर वारलूचा साळा इसरू आहे. वारलू समोर खुर्चीवर बसलाय, खुर्चीची सवय नाही म्हणून अर्धाच टेकून. टाचण्या बघतोय, पाड्याकडं पाहायचा तसाच.

लहानू मघाशी सांगून गेला की नर्सबाईची मुलचेऱ्याला बदली आली होती, बढतीवर, क्वार्टरसकट. तिनं महिन्याभरापूर्वीच नाही म्हणून लिहून दिलं. का, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. लहानू डोळा मारून हसला. त्याला प्रत्येक गोष्टीचं हसू येतं. माझ्या मते तिचा जीव तापाच्या नमुन्यांत अडकलाय.

पण ती इथंच आहे, एवढं तर नक्की झालं. आणि आज मी जिंकलेला आहे, आज नाही तर कधीच नाही. पत्र लिहिणार नाही. तोंडानं सांगणार. मी रोजंदारीवर आहे, कॉलेज अर्धं आहे, तापट आहे, आणि तरीही. ती हो म्हणेल याची खात्री दहात दोन. फार तर अडीच. वारलूला विचारलं, भाऊ, तुम्हाला काय वाटतं? तो तख्त्यावरून नजर न काढता म्हणाला, "जा लवकर. लय दिवसाची जळून राह्यली." मी विचारलं, कोणत्या कंपार्टमेंटला? त्यानं नुसता हात हलवला.

दार उघडं राहिलं की वाऱ्यानं चिठ्ठ्या उडतात. वही मिटतो, पांढरा शर्ट तोच आहे, थोडा धुराचा वास येतोय, चालेल. बाहेर पडतो आणि दार मागं घट्ट ओढून घेतो.